मानेवरची गाठ : घाबरू नका, लपवूही नका

रविवारची सकाळ. जबलपूरच्या राइट टाउनमधलं एखादं मराठी घर डोळ्यांसमोर आणा. आजोबा नोकरीच्या निमित्ताने इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी. आई कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या डोक्याला तेल लावते आहे. केस बाजूला सारताना तिचं बोट मुलीच्या मानेवर एका जागी थबकतं. उजव्या कानाखाली, जरा मागे, बोराएवढी गाठ हाताला लागते.

"हे काय गं? दुखतंय का?"

"नाही."

"कधीपासून आहे?"

"असेल महिनाभर. दुखत नाही, म्हणून सांगितलं नाही."

दुपारपर्यंत ही गाठ घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी झालेली असते. आजी म्हणते, "अवधाण असेल. डोक्यात फोडबिड आला आहे का बघ." वडील म्हणतात, "केमिस्टकडून पाच दिवसांच्या गोळ्या आणतो, उतरेल." शेजारीण सांगते की, घाटाकडे एकजण मंत्र घालून गाठ उतरवतो, तिच्या भाच्याची उतरली. आत्या मात्र आईला स्वयंपाकघरात घेऊन जाते आणि आवाज खाली करून म्हणते, "गंडमाळा तर नसतील ना? वहिनी, कुणाजवळ बोलू नका. पुढच्या महिन्यात पाहुणे बघायला येणार आहेत." आणि जिची गाठ आहे ती मुलगी रात्री पांघरुणात मोबाइल घेऊन 'मानेवर गाठ' असं शोधते, पहिल्याच पानावर 'कॅन्सर' हा शब्द वाचते आणि पहाटेपर्यंत जागी राहते.

अशी गाठ आज ना उद्या बहुतेक घरांत कुणाला तरी येतेच. त्या वेळी घरातले सगळे सल्ले देतात, पण गाठ किती दिवसांची, किती मोठी आणि शरीराच्या कोणत्या भागात, हे तीन साधे प्रश्न कुणी विचारत नाही. खरं तर या तीन प्रश्नांची उत्तरंच पुढे काय करायचं ते ठरवतात.

गाठ म्हणजे नेमकं काय?

आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांसारखंच आणखी एक बारीक नळ्यांचं जाळं असतं. त्यातून लसीका नावाचा पातळ द्रव वाहतो. पेशींच्या आजूबाजूला साचलेलं पाणी, जंतू आणि कचरा गोळा करून तो परत रक्तात आणून सोडणं हे या जाळ्याचं काम. या वाटेवर जागोजागी लहान लहान ग्रंथी असतात. त्यांना लसीकाग्रंथी म्हणतात. संपूर्ण शरीरात त्या सुमारे सहाशे असतात आणि त्यांतल्या बऱ्याच मानेत असतात. काख आणि जांघ ही त्यांची आणखी दोन मोठी ठिकाणं. छातीत आणि पोटातही त्या असतात, पण तिथे हाताला लागत नाहीत.

या ग्रंथी म्हणजे जकातनाक्यासारख्या. येणारा माल तिथे तपासला जातो. जंतू सापडला की ग्रंथीतल्या पांढऱ्या पेशी त्याच्याशी लढायला लागतात, त्यांची संख्या भराभर वाढते आणि ग्रंथी फुगते. म्हणजे गाठ हा स्वतः आजार नसतो. आसपास कुठेतरी काहीतरी घडतं आहे, याची ती खबर असते. म्हणून नुसती गाठ 'उतरवण्याच्या' मागे लागण्यापेक्षा ती कशामुळे आली ते शोधणं महत्त्वाचं.

निरोगी माणसाच्या जबड्याखाली किंवा जांघेतही हरभऱ्याएवढी, मऊ, बोटाखाली सरकणारी ग्रंथी लागू शकते. लहान मुलांच्या मानेत तर अशा दोन-चार ग्रंथी सहज लागतात, कारण त्यांचं शरीर रोज नव्या जंतूंशी ओळख करून घेत असतं. तेवढ्यावरून घाबरण्याचं कारण नाही.

आजीचं अवधाण

आजीचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर असतो. पायाला ठेच लागून जखम चिघळली की जांघेत गाठ येते, हाताला गळू झालं की काखेत येते, ही गोष्ट आपल्या जुन्या माणसांना शरीरशास्त्र न शिकताही माहीत होती. 'अवधाण आलं' असं म्हणून त्या आधी जखम कुठे आहे ते शोधायच्या. आजचा डॉक्टरही नेमकं तेच करतो.

घसा बसला, टॉन्सिल सुजले की जबड्याच्या कोनाखाली गाठ येते. दाढ किडली किंवा हिरडीत पू झाला की हनुवटीखाली आणि जबड्याखाली येते. डोक्यात उवा होऊन खाजवून जखमा झाल्या, की मानेच्या मागच्या बाजूला बारीक गाठींची रांग लागते. शाळेत जाणाऱ्या मुलींमध्ये हे कारण इतकं साधं असतं, की घाबरलेली आई डॉक्टरकडे नेते आणि डॉक्टर उवांचं औषध लिहून देतात. सर्दी-तापाच्या विषाणूंमुळे दोन्ही बाजूंना गाठी येतात. रुबेलामध्ये पुरळाबरोबर कानामागे आणि मानेच्या मागे गाठी येतात. मुलांना हा आजार सौम्य असतो, पण गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत तो पोटातल्या बाळाला गंभीर इजा करू शकतो. म्हणून घरात कुणी गरोदर असेल, तर ताप, पुरळ आणि गाठी असं एकत्र दिसताच डॉक्टरांना कळवायला हवं.

लस घेतल्यावरही गाठ येऊ शकते. बाळाला डाव्या दंडावर बी.सी.जी. टोचल्यानंतर काही आठवड्यांनी डाव्या काखेत लहानशी गाठ येते, ती बहुधा आपोआप जाते. कोव्हिडची लस घेतल्यावर अनेकांच्या काखेत काही दिवस गाठ आली होती, तीही याच कारणाने.

अशा गाठींची ओळख सोपी आहे. त्या अचानक येतात, दाबल्यावर दुखतात, मऊ असतात आणि मूळ आजार बरा झाला की लहान होत जातात. अगदी नाहीशी व्हायला तीन-चार आठवडे लागले तरी हरकत नाही. मात्र ती उतरणीला लागलेली असायला हवी.

आणखी एक सांगायला हवं. मानेवरची प्रत्येक सूज लसीकाग्रंथीची नसते. गालगुंडात सुजते ती कानाखालची लाळेची ग्रंथी. गिळताना वर-खाली सरकते ती बहुधा गळ्यातल्या थायरॉइडची गाठ, म्हणजे गलगंड. कातडीखाली मऊ, वर्षानुवर्षं तेवढीच राहणारी चरबीची गाठही असते. जांघेत खोकल्यावर वाढते आणि आडवं झाल्यावर आत जाते ती अंतर्गळाची सूज असू शकते. हा निवाडा डॉक्टरांनी हात लावून करायचा असतो, घरच्यांनी नाही.

जागा बरंच काही सांगते

जांघेतल्या गाठीचं कारण पाय, गुप्तांग किंवा ओटीपोटाच्या कातडीत शोधावं लागतं. गुप्तांगावर फोड किंवा व्रण असेल आणि जांघेत गाठ असेल, तर लाजून घरगुती उपाय करत बसू नये. लैंगिक संबंधातून होणारे बरेच आजार औषधाने बरे होतात, पण उपचार पतिपत्नी दोघांनीही घ्यावा लागतो.

जबलपूरच्या शेजारी कटनी, पन्ना, छतरपूर या भागांत आणि महाराष्ट्रात विदर्भाच्या काही जिल्ह्यांत हत्तीरोग आहे. डासातून शिरणारा त्याचा बारीक कृमी लसीकेच्या नळ्यांतच मुक्काम करतो. अधूनमधून ताप येणं, जांघेत गाठ येऊन दुखणं, पायावर लाल रेघ उमटणं, अंडकोष सुजणं ही त्याची सुरुवातीची लक्षणं असतात. या रोगाची जुनी रक्ततपासणी रात्री करतात, कारण हे कृमी रक्तात रात्रीच उतरतात. या भागांत सरकारी कर्मचारी वर्षातून एकदा घरोघर गोळ्या वाटतात. 'आम्हाला काही झालेलं नाही' म्हणून त्या नाकारू नयेत, समोरच गिळाव्यात.

काखेतल्या गाठीचं कारण हातावरची जखम, काखेतलं केसतोड किंवा स्तन यांपैकी कशात तरी असतं. दूध पाजणाऱ्या आईला स्तनात पू झाला, तर काखेत दुखरी गाठ येते. पण चाळिशीच्या पुढच्या बाईच्या काखेत न दुखणारी, टणक गाठ असेल, तर स्तनाची तपासणी झालीच पाहिजे.

आणि एक जागा अशी आहे, जिथली गाठ कधीही साधी समजू नये. ती म्हणजे गळ्याच्या हाडाच्या वरचा खळगा. तिथल्या ग्रंथीत छाती आणि पोटातून लसीका येते. तिथे गाठ लागली तर दोन आठवड्यांचीही वाट न पाहता डॉक्टरांकडे जावं.

डॉक्टरांकडे केव्हा जायचं?

पुढच्यापैकी एक गोष्ट जरी असेल, तरी थांबू नये.

० कारण कळत नाही आणि गाठ दोन आठवड्यांनंतरही तशीच आहे किंवा वाढते आहे.

० गाठ बोराहून मोठी आहे, सुपारीसारखी टणक आहे, बोटाने हलत नाही किंवा अनेक गाठी एकमेकींना चिकटल्या आहेत.

० गाठ दुखत नाही, पण बरोबर संध्याकाळचा बारीक ताप, रात्री अंथरूण ओलं होईल इतका घाम, भूक मंदावणं किंवा वजन उतरणं आहे.

० दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे, किंवा पूर्वी घरात कुणाला टी.बी. झालेला आहे.

० गळ्याच्या हाडाच्या वर गाठ आहे.

० मान, काख, जांघ अशा दोन-तीन ठिकाणी एकदम गाठी आल्या आहेत.

० तोंडात न भरणारा व्रण, आवाजात बदल, गिळायला त्रास किंवा अंगावर विनाकारण निळसर डाग आहेत.

गाठीवरची कातडी लाल होऊन तापली असेल, थंडी वाजून खूप ताप असेल, किंवा मानेच्या सुजेमुळे श्वास घ्यायला, तोंड उघडायला त्रास होत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

राइट टाउनमधल्या त्या मुलीची गाठ महिनाभराची आहे, दुखत नाही, बोराएवढी आहे. म्हणजे अवधाणाची मुदत उलटून गेली आहे. आता आत्याने दबक्या आवाजात काढलेल्या शंकेचाच विचार करायला हवा.

गंडमाळा म्हणजे काय?

मानेत एकापाठोपाठ एक गाठी येतात, माळेसारख्या दिसतात, पुढे मऊ होऊन फुटतात आणि महिनोन्‌महिने वाहतात. म्हणून त्यांना गंडमाळा म्हणतात. हा आजार अतिशय जुना आहे. सुश्रुतसंहितेत ग्रंथी, अपची आणि गलगंड यांची वेगवेगळी वर्णनं आहेत. युरोपात तर हा 'राजाच्या स्पर्शाने बरा होणारा' रोग समजला जाई. इंग्रज लेखक सॅम्युअल जॉन्सन लहान असताना त्याला गंडमाळा झाल्या, म्हणून १७१२ साली त्याला लंडनला नेऊन राणी ॲनच्या हाताचा स्पर्श करवण्यात आला. तो बरा झाला नाही. मानेवरचे व्रण आयुष्यभर राहिले. घाटावर गाठ उतरवणाऱ्याचा मंत्र आणि राणीचा स्पर्श यांत फारसा फरक नाही. ज्यांच्या गाठी आपोआप जाणाऱ्या असतात त्यांच्या जातात आणि गावभर नाव मंत्राचं होतं. शेजारणीच्या भाच्याची गाठ बहुधा अशीच उतरली असणार.

२४ मार्च १८८२ या दिवशी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं आणि या कोड्याचं उत्तर मिळालं. आपल्याकडच्या बहुतेक गंडमाळा म्हणजे लसीकाग्रंथींचा टी.बी. टी.बी. फक्त फुप्फुसाचा असतो, खोकला नाही तर टी.बी. नाही, असं पुष्कळजण समजतात. ते चूक आहे. फुप्फुसाबाहेरच्या टी.बी.मध्ये ग्रंथींचा टी.बी. हा भारतात नेहमी आढळणारा प्रकार आहे आणि तो तरुण मुलींत व स्त्रियांत जास्त दिसतो. यातल्या अनेकजणींना खोकला नसतो, तापही नसतो. फक्त न दुखणारी गाठ असते. म्हणूनच ती दुर्लक्षित राहते.

मध्य प्रदेशात हा विषय दूरचा नाही. जबलपूरला मेडिकल कॉलेजच्या शेजारी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची एक संस्था १९८४ पासून आदिवासींच्या आरोग्यावर काम करते आहे. आज तिचं नाव राष्ट्रीय जनजाती स्वास्थ्य अनुसंधान संस्थान असं आहे. या संस्थेच्या संशोधकांनी श्योपूर भागातल्या सहरिया आदिवासींची पाहणी केली, तेव्हा लाखात सुमारे पंधराशे जणांना फुप्फुसाचा टी.बी. आढळला. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशाचं प्रमाण लाखात तीनशेच्या आसपास होतं. गरिबी, कुपोषण आणि दाटीची घरं जिथे, तिथे टी.बी. जास्त, हे खरं. पण हा जंतू हवेतून पसरतो. बस, कोचिंग क्लास, ऑफिस, हॉस्टेल कुठेही तो श्वासातून आत जाऊ शकतो. चांगल्या घरातल्या मुलीला टी.बी. होत नाही, या समजुतीला कसलाही आधार नाही.

केमिस्टच्या पाच दिवसांच्या गोळ्या

वडिलांचा उपाय सगळ्यात निरुपद्रवी वाटतो. पण तोच बरेचदा सगळ्यात महागात पडतो. विषाणूंमुळे आलेल्या गाठीवर अँटिबायोटिकचा काही उपयोग नसतो. ती आपोआपच उतरणार असते. टी.बी.च्या गाठीवर साध्या अँटिबायोटिकचा परिणाम होत नाही, आणि लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिनसारख्या काही गोळ्यांचा अर्धवट परिणाम होतो. म्हणजे जंतू मरत नाहीत, पण दबतात. तपासणीत सापडत नाहीत. रोग आहे तिथेच राहतो, वर त्या औषधाला सरावण्याचीही भीती.

त्याहून वाईट म्हणजे सूज उतरावी म्हणून कुणीतरी दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या. त्यांनी टी.बी. भडकू शकतो आणि ग्रंथीचा कॅन्सर असेल तर गाठ तात्पुरती विरघळून निदान लांबणीवर पडतं. घशाचा किंवा दाताचा जंतुसंसर्ग आहे असं पाहून डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं तर ते पूर्ण घ्यावं. पण काउंटरवर गाठ दाखवून गोळ्या मागू नयेत. गाठ चोळू नये, शेकू नये, त्यावर चुना किंवा बिब्बा लावू नये. बिब्ब्याने कातडी भाजते आणि खालच्या गाठीला काहीच होत नाही.

सुईची भीती

डॉक्टर आधी गाठ आणि तिच्या आजूबाजूचा भाग तपासतील. डोकं, कान, दात, टॉन्सिल पाहतील, काख-जांघ चाचपतील, पोटावर हात ठेवून यकृत आणि प्लीहा वाढली आहे का बघतील. रक्ताची साधी तपासणी आणि छातीचा एक्स-रे होईल. एच.आय.व्ही.ची तपासणीही सुचवली जाईल. त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही, टी.बी.च्या प्रत्येक रुग्णाला ती सांगतातच.

त्यानंतर येते सुईची तपासणी. इंजेक्शनच्या सुईने गाठीतल्या थोड्या पेशी ओढून त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. याला भूल लागत नाही, टाके पडत नाहीत, दहा मिनिटांत माणूस घरी जातो. त्याच द्रवातून टी.बी.च्या जंतूची यंत्रावर तपासणी होते. तिच्यामुळे जंतू आहे की नाही हेच नव्हे, तर टी.बी.च्या मुख्य औषधाला तो दाद देईल की नाही, हेही थोड्याच तासांत कळतं. म्हणून सुई टोचताना थोडा द्रव या तपासणीसाठी ठेवला आहे ना, असं रुग्णाने जरूर विचारावं. काढलेला सगळाच नमुना फॉर्मलिनमध्ये बुडवला, तर जंतूची वाढ करून पाहणारी तपासणी करता येत नाही.

'सुई लावली की गाठ पसरते' हे वाक्य जवळपास प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतं. त्याला आधार नाही. उलट न तपासता गाठ कापून पू काढला, तर टी.बी.ची जखम महिनोन्‌महिने वाहू शकते. सुईने स्पष्ट उत्तर मिळालं नाही, तर पूर्ण गाठ काढून बायोप्सी करावी लागते. तेही लहानसंच ऑपरेशन असतं.

मग कॅन्सर?

मुलीने रात्री वाचलेला शब्द पूर्ण खोटा नाही. लसीकाग्रंथींचा स्वतःचा कॅन्सर असतो, त्याला लिम्फोमा म्हणतात. रक्ताच्या कॅन्सरमध्येही गाठी येतात. तरुण वयातली न दुखणारी, रबरासारखी लागणारी, हळूहळू वाढणारी गाठ, त्याबरोबर ताप, घाम, खाज, वजन घटणं, ही लक्षणं टी.बी.शी इतकी मिळतीजुळती असतात, की तपासल्याशिवाय अनुभवी डॉक्टरही खात्रीने सांगत नाहीत. म्हणूनच सुईच्या किंवा बायोप्सीच्या पुराव्याशिवाय अंदाजाने टी.बी.ची औषधं सुरू करणं बरोबर नाही. लिम्फोमाचा हॉजकिन नावाचा प्रकार तर वेळेवर उपचार झाले तर बहुतेक रुग्णांत बरा होतो.

तरुण मुलामुलींमध्ये मानेची गाठ कॅन्सरची निघण्यापेक्षा साध्या कारणाची किंवा टी.बी.ची निघण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. चाळिशीनंतर मात्र हिशेब बदलतो. घरातले काका वर्षानुवर्षं बिडी ओढत असतील, गालात तंबाखू किंवा गुटखा धरत असतील आणि त्यांच्या मानेत टणक गाठ आली, तर आधी तोंड आणि घसा तपासायला हवा. मध्य प्रदेशात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण सवय बंदीने सुटत नाही. अशा माणसाच्या गाठीला अवधाण म्हणून महिनाभर वाट पाहणं धोक्याचं आहे.

टी.बी. निघालाच तर

सहा महिने रोज औषध, बस्स. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत मिळतात. जबलपूरला मेडिकल कॉलेज आहे, जुने लोक ज्याला अजून विक्टोरिया म्हणतात ते सेठ गोविंददास जिल्हा रुग्णालय आहे. खाजगी डॉक्टरकडे उपचार घेतले तरी रुग्णाची नोंद सरकारकडे होते आणि ती व्हायलाच हवी. रुग्णाच्या आहारासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये थेट बँक खात्यात जमा होत. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० रुपये झाली आहे.

औषधं घेताना काही गोष्टी घरच्यांनी ध्यानात ठेवाव्यात. लघवीला लालसर-केशरी रंग येतो, तो औषधाचा असतो. डोळे पिवळे झाले, सतत उलट्या झाल्या किंवा नजर अंधूक वाटली, तर लगेच डॉक्टरांना दाखवावं. रिफाम्पिसिन या औषधाने गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, म्हणून विवाहित स्त्रियांनी दुसरा उपाय विचारून घ्यावा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, उपचार चालू असताना गाठ काही दिवस वाढते, कधी नवीही येते. याचा अर्थ औषध लागू पडत नाही असाच होत नाही. मेलेल्या जंतूंविरुद्ध शरीराने दाखवलेली ती प्रतिक्रिया असू शकते. अशा वेळी औषध बंद करून दुसऱ्या दारात जाण्याऐवजी त्याच डॉक्टरांना दाखवावं. आणि दोन महिन्यांत गाठ दिसेनाशी झाली म्हणून गोळ्या सोडू नयेत. अर्धवट सोडलेला टी.बी. परत येतो तेव्हा औषधांना दाद न देणारा होऊन येऊ शकतो. सहा महिन्यांनंतर हरभऱ्याएवढी निर्जीव गाठ उरली तरी त्याने बिघडत नाही.

लपवण्याची किंमत

आता आत्याच्या सल्ल्याकडे वळू. तिचा हेतू वाईट नाही. टी.बी. झालेल्या मुलीचं लग्न मोडलेलं तिने पाहिलं असेल. जुन्या पिढीला तर गाठ या शब्दाचीच धास्ती होती. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा लोक त्याला गाठीचा ताप म्हणत. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा १० मार्च १८९७ रोजी पुण्यात मृत्यू झाला. तेव्हा काखेत किंवा जांघेत गाठ आली की लोक घर सोडून रानात झोपड्या बांधत आणि रोगी लपवत. ती भीती तेव्हा खरी होती. हाताशी औषध नव्हतं. आज प्लेगवरही औषध आहे आणि टी.बी.वरही.

फक्त ग्रंथींचा टी.बी. असेल, फुप्फुसात काही नसेल, तर रुग्णापासून दुसऱ्याला लागण होत नाही. तिचं ताट-पेला वेगळा करायची गरज नाही, वेगळ्या खोलीत झोपवायची गरज नाही. फुप्फुसात आहे की नाही हे एक्स-रे आणि थुंकीच्या तपासणीतून कळतं. टी.बी. आईबापांकडून वारशाने येत नाही. पूर्ण उपचार घेतलेली मुलगी इतर कुठल्याही मुलीसारखी लग्न करू शकते, तिला निरोगी मुलं होऊ शकतात.

गाठ लपवली तर काय होतं? ओढणी गळ्याभोवती गुंडाळून दोन महिने निघतात. पाहुणे येऊन जातात. गाठी वाढतात, एकमेकींना चिकटतात, मऊ पडतात आणि एक दिवस फुटतात. लपवायचा होता तो आजार मानेवर कायमचा व्रण ठेवून जातो. मधल्या काळात फुप्फुसात रोग असेल, तर घरातल्या लहान मुलाला, म्हाताऱ्या आजोबांना लागण होण्याचा धोका वेगळाच. आणि गाठ टी.बी.ची नसून लिम्फोमाची असेल, तर हेच दोन महिने सर्वांत मोलाचे असतात.

म्हणून त्या घरातल्या आईने सोमवारी सकाळी मुलीला घेऊन डॉक्टरकडे जावं. जाताना एका कागदावर लिहून न्यावं : गाठ कधी दिसली, वाढली का, ताप-खोकला-घाम आहे का, वजन किती होतं नि आता किती, घरात कुणाला टी.बी. झाला होता का, कोणती औषधं चालू आहेत. झटक्यांवरच्या काही औषधांनीही गाठी येतात, तेव्हा हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक समजू नये. डॉक्टरांनी नुसतं बघून गोळ्या दिल्या आणि दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर 'सुईची तपासणी करू या का?' असं आईनेच विचारावं.

शक्यता अशी आहे, की डॉक्टर हसून म्हणतील, काही नाही, दाढ भरून घ्या. किंवा सहा महिन्यांची औषधं लिहून देतील. दोन्ही उत्तरं अंधारात मोबाइलवर वाचलेल्या उत्तरापेक्षा बरी आहेत. आणि पाहुण्यांना काय सांगायचं, हा आत्याचा प्रश्न उरलाच, तर त्याचं उत्तर सोपं आहे. मुलीची तब्येत बरी नाही, उपचार चालू आहेत, सहा महिन्यांनी या. एवढं ऐकून जे परत येणार नाहीत, त्यांच्या घरी मुलगी दिली नाही हे बरंच झालं.